घरच्या घरी मोटारसायकलची देखभाल : गाडी उचलण्याचे साधन कसे निवडावे ?

एका पिढीपूर्वी शेतकऱ्याच्या दारात बैलगाडी उभी असे. पेरणीची धांदल सुरू होण्यापूर्वी पहारीने गाडी उचलून आखाखाली लाकडाचा टेका दिला जाई, चाक सोडवून घेतले जाई आणि आखाला वंगण लावले जाई. हे काम करताना जाणती माणसे दोन नियम कटाक्षाने पाळीत. चाक मोकळे झाल्याशिवाय वंगण सर्वत्र पोहोचत नाही, हा पहिला नियम. आणि टेका पक्का असल्याची खात्री झाल्याशिवाय चाकाला हात लावावयाचा नाही, हा दुसरा.

आता बैलगाडीच्या जागी बहुतेक घरी मोटारसायकल आली आहे. सन १९८५ मध्ये १०० सी. सी. ची, थोड्या पेट्रोलवर चालणारी जपानी बनावटीच्या इंजिनाची गाडी भारतात बाजारात आली. त्याच वर्षी आपल्या शेजारच्या वाळूज येथे बजाज कंपनीचा दुचाकींचा कारखाना सुरू झाला. त्यानंतर हलकी मोटारसायकल खेडोपाडी पसरली. दूध संकलन केंद्रावर कॅन नेणे, गोठ्यासाठी चाऱ्याचा भारा आणणे, फवारणीचा पंप शेतावर नेणे, मोसंबीच्या बागेतील ठिबकचे सामान तालुक्याहून आणणे, आजाऱ्यास दवाखान्यात पोहोचविणे, ही सर्व कामे आज तिच्यावर अवलंबून आहेत. वाहन बदलले, तरी देखभालीचे ते दोन नियम बदललेले नाहीत. चाक मोकळे हवे आणि टेका पक्का हवा. गाडी उचलण्याचे साधन, ज्याला बाजारात लिफ्ट, जॅक किंवा स्टँड म्हणतात, ते याच कसोटीवर निवडावयाचे असते. किंमत, रंग आणि जाहिरात यांचा विचार त्यानंतर करावा.

उचलण्याची गरज कोणत्या कामाला ?

जालना जिल्ह्याचा मोठा भाग काळ्या, चिकण जमिनीचा आहे. मृग नक्षत्र लागून पाऊस सुरू झाला की पाणंद रस्त्यावरील चिखल मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये घट्ट बसतो. तो वाळला की चाक जड फिरते व पेट्रोल अधिक लागते. चेनवर बसलेला चिखल रेतीप्रमाणे काम करतो आणि चेन व तिचे दाते असलेली चक्रे लवकर झिजवितो. सुगीनंतर तुरीची व पऱ्हाटीची धसकटे टायरमध्ये शिरतात. म्हणजे आपल्याकडे मागच्या चाकाशी संबंधित कामे वर्षभर निघत असतात.

तथापि प्रत्येक कामासाठी गाडी विशेष साधनाने उचलावी लागते असे नाही. कामांचे तीन वर्ग करावेत.

(१) *गाडी मुळीच न उचलता होणारी कामे.* एअर फिल्टर साफ करणे, स्पार्क प्लग पाहणे, क्लच व ब्रेकच्या तारांना तेल देणे, बॅटरीची टोके पुसणे, टायरमधील हवा तपासणे.

(२) *मेन स्टँडवर होणारी कामे.* इंजिनचे तेल तपासणे व बदलणे, चेन धुणे, तिला तेल देणे व ताण पाहणे, मागचे चाक काढणे, मागच्या ब्रेकचे लायनर बदलणे.

(३) *मेन स्टँडखेरीज आणखी टेका लागणारी कामे.* पुढचे चाक काढणे, पुढच्या चाकाची बेअरिंगे बदलणे, हँडलचा कोन तपासणे, पुढचे शॉकॲब्सॉर्बर काढणे, मागचा चिमटा म्हणजे स्विंग आर्म उतरविणे.

शेतकऱ्याने घरी करावयाची बहुतेक कामे पहिल्या दोन वर्गांत येतात हे यावरून दिसून येईल. ज्या गाडीला चांगला मेन स्टँड आहे, तिच्यासाठी निराळी लिफ्ट विकत घेण्यापूर्वी आपण तिसऱ्या वर्गातील कामे खरोखर घरी करणार आहोत काय, हा प्रश्न स्वतःस विचारावा. नव्या गाडीचे मोफत सर्व्हिसिंग चालू असेल, तर त्या मुदतीत तिसऱ्या वर्गातील कामास घरी हात न लावणे इष्ट होय.

प्रथम आपली गाडी ओळखावी

साधन पाहण्यास बाजारात जाण्यापूर्वी गाडीजवळ बसून पुढील चार गोष्टी पाहाव्यात व कागदावर लिहून घ्याव्यात.

*वजन.* १०० सी. सी. च्या सर्वसाधारण गाडीचे वजन सुमारे ११० ते ११५ किलो असते. ३५० सी. सी. ची बुलेट सुमारे १९५ किलोची असते. नेमका आकडा गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत असतो.

*मेन स्टँड.* बहुतेक हलक्या गाड्यांना तो असतो; पण अनेक नव्या, खेळाच्या धर्तीच्या गाड्यांना केवळ साइड स्टँड असतो. मेन स्टँड असल्यास त्याच्या पायांची झीज, स्प्रिंगचा जोर आणि बिजागरीतील ढिलेपणा पाहावा. झिजलेल्या स्टँडवर मागचे चाक जमिनीला टेकलेलेच राहते. वेल्डिंगच्या दुकानात पायांना पोलादी पट्टी लावून घेतल्यास असा स्टँड पुन्हा उपयोगी होतो. पुष्कळ घरी नव्या लिफ्टपेक्षा ही दुरुस्तीच अगोदर करण्याजोगी असते.

*इंजिनखालील भाग.* गाडीच्या पुढे बसून खाली वाकून पाहावे. काही गाड्यांच्या सांगाड्याच्या दोन नळ्या इंजिनच्या खालून जातात. तेथे जॅकचा भार घेता येतो. काही गाड्यांत इंजिन उघडेच लटकलेले असते व खाली केवळ ॲल्युमिनियमचे कवच असते. अशा कवचावर जॅकचा दाब दिल्यास ते तडकण्याची भीती असते. सायलेन्सरची नळी खालून गेलेली असेल, तर ती चेपते. गाडीचा भार सायलेन्सरवर किंवा तेल काढण्याच्या बोल्टवर कधीही घेऊ नये.

*मागचा चिमटा.* त्याच्या दोन्ही भुजांखाली, चेन ताणण्याच्या बोल्टांपासून दूर, टेका देण्यास सपाट जागा आहे काय ते पाहावे.

साधनांचे प्रकार व त्यांचे गुणदोष

१. मेन स्टँड व फळी : हे सर्वांत स्वस्त साधन होय. मागच्या चाकाखाली एक ते दीड सेंटिमीटर जाडीची फळी ठेवून गाडी तीवर चढवावी व मग स्टँडवर घ्यावी. चाक अगोदरच थोडे वर आल्याने गाडी कमी श्रमात चढते. गाडी दोन्ही हातांनी ओढून वर घेऊ नये. त्याने कंबर धरते. डावा हात हँडलवर व उजवा हात मागच्या पकडीवर ठेवून, स्टँडच्या पायदांडीवर उजव्या पायाने शरीराचा भार द्यावा. पायदांडी ही एक तरफच आहे. पहार जे काम करी, तेच ती करते.

२. मागचा स्टँड, म्हणजे पॅडॉक स्टँड : नळीचा हा चौकटी स्टँड मागच्या चिमट्याखाली सरकवून त्याची मूठ खाली दाबली की चाक वर येते. ज्या गाडीला मेन स्टँड नाही, तिच्यासाठी तो उपयुक्त आहे. येथेही तरफेचाच नियम लागू पडतो. गाडीच्या ११२ किलो वजनापैकी मागच्या चाकावर सुमारे ६० किलो भार आहे असे धरू. स्टँडच्या टेकणबिंदूपासून भाराचे अंतर १० सेंटिमीटर आणि मुठीचे अंतर ६० सेंटिमीटर असेल, तर मुठीवर केवळ १० किलो जोर पुरतो. यास्तव आखूड मुठीचा स्टँड घेऊ नये. गाडी चढविताना ती सरळ धरण्यास दुसरे माणूस अवश्य असावे.

३. कात्री जॅक : मोटारीच्या जॅकप्रमाणे स्क्रू फिरवून हा वर येतो. आकाराने लहान व किमतीने कमी असतो. स्क्रूमुळे तो आपोआप खाली बसत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे. मात्र त्याचा माथा अरुंद असतो. म्हणून गाडीचा सगळा भार एकट्या जॅकवर घेऊ नये. गाडी मेन स्टँडवर असताना इंजिनखालील नळ्यांना टेका देऊन पुढचे चाक मोकळे करण्यापुरताच त्याचा उपयोग करावा. रबराची किंवा लाकडाची गादी मध्ये ठेवावी.

४. पायाने दाबावयाचा तेलाचा जॅक : यास दोन आडवे दांडे असून ते गाडीच्या खाली दोन ठिकाणी लागतात. तेलाच्या दाबावर तो चालतो. लहान दट्ट्याचे क्षेत्र १ चौरस सेंटिमीटर व मोठ्याचे १२ चौरस सेंटिमीटर असेल, तर १० किलो जोराने १२० किलो भार उचलता येतो. भारी गाडीसाठी हे साधन सोईचे आहे. परंतु तेल अडविणारे सील झिजले की उचललेला भार हळूहळू खाली येतो. म्हणून ज्याला लोखंडी खिटीचे किंवा दात्यांचे कुलूप नाही असा तेलाचा जॅक घेऊ नये. भार उचलावा तेलाने, पण तोलावा लोखंडावर.

५. टेबल लिफ्ट : गॅरेजमध्ये दिसणारा हा संपूर्ण पाट गाडीसह वर येतो. पुढचे चाक पकडण्याचा शिकंजा व पट्टे बांधण्याच्या कड्या त्यास असतात. उभे राहून काम करता येत असल्याने ज्यास रोज अनेक गाड्या हाताळावयाच्या आहेत, त्याची कंबर व गुडघे यामुळे वाचतात. परंतु हे साधन जड व महाग असून त्यास पक्का कोबा लागतो. एका घरच्या एका गाडीसाठी ते परवडणारे नाही. गावातील मिस्त्रीने घ्यावयाचे असल्यास, विजेच्या भरवशावर न राहता पायाने चालणारा प्रकार घेणे अधिक सोईचे होय.

६. ओटा : ज्यांच्या अंगणात जागा आहे, त्यांनी विटा व सिमेंटचा पक्का ओटा बांधण्याचा विचार करावा. लांबी सुमारे अडीच मीटर, रुंदी एक मीटर, उंची ४५ सेंटिमीटर आणि चढण्यासाठी १ मीटर ८० सेंटिमीटर लांबीचा उतार पुरेसा होतो. या उतारावर ११२ किलोची गाडी ढकलण्यास घर्षणाव्यतिरिक्त सुमारे २८ किलो जोर लागतो. दोन माणसांना ते सहज जमते. गाडी इंजिन चालू करून ओट्यावर चढवू नये. वर नेल्यावर ती मेन स्टँडवर अशी घ्यावी की स्टँडचे पाय ओट्याच्या कडेपासून निदान ३० सेंटिमीटर आत राहतील. एरवी हाच ओटा फवारणी पंपाच्या दुरुस्तीसही उपयोगी पडतो.

जमिनीचा विचार

साधन कितीही चांगले असले, तरी त्याखालची जमीन खचली तर गाडी पडते. काळ्या जमिनीच्या अंगणात हे वारंवार घडू शकते. मेन स्टँडच्या दोन पायांचा जमिनीला टेकणारा भाग प्रत्येकी ८ चौरस सेंटिमीटर व त्यांवर आलेला भार ८० किलो धरला, तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर ५ किलो दाब येतो. ओल्या काळ्या मातीत असा पाय रुतल्यावाचून राहत नाही. तोच भार ६० सेंटिमीटर लांब व ३० सेंटिमीटर रुंद अशा जाड फळीवर घेतला, तर दाब दर चौरस सेंटिमीटरला ५० ग्रॅमच्याही आत येतो. म्हणून कोबा किंवा घट्ट बसविलेली शहाबादी फरशी नसल्यास फळी वापरणे आवश्यक आहे. फरशी पोकळ वाजत असेल, तर ती भार सोसणार नाही असे समजावे.

गावात स्टँड बनवून घेताना

‘जालना सोने का पालना’ ही म्हण जुनी आहे. आज या शहराची ओळख लोखंडी गज तयार करणाऱ्या गिरण्यांवरूनही होते. त्यामुळे घराच्या बांधकामातून उरलेले गज जोडून स्टँड बनवून घेण्याचा मोह होतो. स्लॅबमध्ये काँक्रीटने वेढलेला गज आपले काम उत्तम करतो. पण ८ मिलिमीटरचा उघडा गज उभ्या दाबाखाली वाकतो. पॅडॉक स्टँडसाठी निदान १ इंच व्यासाची आणि २ मिलिमीटर किंवा अधिक जाडीच्या पत्र्याची लोखंडी नळी वापरावी. टेकणाच्या जागी इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराच्या वाट्या लावून त्यांत जुन्या टायरचे रबर बसवावे. वेल्डिंग नळीच्या सर्व बाजूंनी फिरलेले असावे. चार ठिकाणचे ठिपके पुरेसे नाहीत.

तयार स्टँडवर लगेच गाडी चढवू नये. दोन्ही वाट्यांवर भक्कम फळी आडवी ठेवून, स्टँड वर घेतल्यावर तीवर युरियाची ४५ किलोची दोन पोती हळू ठेवावीत. मागच्या चाकावरील सुमारे ६० किलो भाराच्या हा दीडपट भार झाला. अर्धा तास तसेच ठेवून कोठे वाक, तडा किंवा कल दिसतो काय ते पाहावे. काही दिसले तर स्टँड परत करावा. कारागिराला संकोच वाटेल म्हणून ही कसोटी टाळू नये.

विकत घेताना पाहावयाच्या गोष्टी

(१) साधनावर लिहिलेली भारक्षमता गाडीच्या वजनाच्या निदान दुप्पट असावी. ११२ किलोच्या गाडीस २२५ किलो, १९५ किलोच्या गाडीस ४०० किलो.
(२) सर्वांत खालच्या स्थितीत साधन गाडीखाली शिरते काय हे आपल्या गाडीवर प्रत्यक्ष पाहावे.
(३) बूड रुंद असावे. चाके असल्यास त्यांना रोधक असावेत.
(४) कुलूप किंवा खिटी डोळ्यांना दिसेल अशा जागी असावी व बसल्याचे हातास कळावे.
(५) भार खाली उतरविण्याची कळ हळूहळू चालणारी असावी. धाडकन खाली येणारे साधन नाकारावे.
(६) सील, खिट्या, रबर हे सुटे भाग जालना किंवा छत्रपती संभाजीनगर येथील बाजारात मिळतात काय याची चौकशी करावी.
(७) पावती घ्यावी व तीवर भारक्षमता लिहून घ्यावी.

निवडीची तीन उदाहरणे

*पहिले.* समजा, भोकरदन तालुक्यातील एक शेतकरी १०० सी. सी. च्या गाडीवरून रोज दोन वेळा दूध पोहोचवितो. गाडीस मेन स्टँड आहे. त्यास चेन साफ करणे, तिला ताण देणे व पंक्चर काढण्यासाठी मागचे चाक उतरविणे एवढीच कामे आहेत. त्याने मेन स्टँडचे पाय दुरुस्त करून घ्यावेत व दोन फळ्या ठेवाव्यात. लिफ्टवर त्याने खर्च करू नये. वाचलेल्या पैशात चांगले पाने, हवेचा पंप व नवीन चेन येईल.

*दुसरे.* समजा, अंबड तालुक्यातील मोसंबी बागायतदाराकडे बुलेट व हलकी गाडी अशी दोन वाहने आहेत आणि त्याच्या मुलाला यंत्रकामाची आवड आहे. त्याच्या शेडला कोबा आहे. त्यास कुलुपाचा, पायाने दाबावयाचा तेलाचा जॅक उपयोगी पडेल. मात्र बुलेटच्या सांगाड्यास टेका कोठे द्यावयाचा ते पुस्तिकेत पाहूनच सुरुवात करावी.

*तिसरे.* समजा, मंठा तालुक्यातील एका गावात शेतकरी गट आहे. जॅकची किंमत ६,००० रुपये धरू. एका घरी तो वर्षातून ६ वेळा वापरला, तर ५ वर्षांत ३० वेळा वापर होऊन प्रत्येक वेळचा खर्च २०० रुपये पडतो. तोच दहा घरांनी मिळून घेतला, तर वापर ३०० वेळा होऊन खर्च २० रुपयांवर येतो. गावात अवजारे बँक असल्यास हे साधन तेथे ठेवावे. नेणाऱ्याचे नाव, तारीख व परत आल्यावरची स्थिती यांची वही अवश्य असावी.

काम करण्याची रीत

गाडी उचलली की चाक मोकळे होते. यात सोय आहे आणि धोकाही आहे. ठिकठिकाणी दिसणारी अत्यंत घातक सवय म्हणजे, गाडी मेन स्टँडवर घेऊन इंजिन चालू करावयाचे, गिअर टाकावयाचा आणि फिरत्या चेनवर फडके धरावयाचे. फडक्याचा धागा दात्यात अडकला की बोटे फडक्यासह आत ओढली जातात. हात काढून घेण्यास अवसरच मिळत नाही. ज्या हाताने पेरणी, काढणी व दूध काढणे करावयाचे, त्या हाताची बोटे एका फडक्यापायी गमावणे हा केवळ दैवाचा भाग नव्हे. तो टाळता येण्याजोगा अपघात आहे. चेन साफ करताना इंजिन बंद, किल्ली खिशात व गिअर न्यूट्रल असावा. एका हाताने चाक थोडे फिरवून ते थांबवावे आणि मगच दुसऱ्या हाताने तेवढा भाग पुसावा. शर्टाच्या बाह्या, उपरणे, ओढणी किंवा पदर लोंबता ठेवू नये.

कामाचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा.

(१) कॅन, भारा, पंप इत्यादी सर्व ओझे उतरवावे. सायलेन्सर थंड होऊ द्यावा. जुन्या गाडीस पेट्रोलचा कॉक असल्यास तो बंद करावा.
(२) लहान मुले व जनावरे दूर करावीत. अर्धवट उचललेली गाडी सोडून चहासाठी जाऊ नये.
(३) चाकाच्या एक्सलचा मोठा नट गाडी जमिनीवर असतानाच ढिला करावा, काढू नये. उचललेल्या गाडीवर पान्याला हिसका दिला तर गाडी स्टँडवरून उतरते.
(४) पुढच्या ब्रेकची मूठ दाबून ती जुन्या ट्यूबच्या पट्टीने बांधावी व पुढच्या चाकापुढे दगड नव्हे, तर लाकडाची पाचर लावावी. मेन स्टँड गाडी पुढे सरकली की मिटतो, हे विसरू नये.
(५) गाडी उचलावी, कुलूप लावावे आणि हाताने हलकेच हलवून पाहावी. डुलत असेल तर खाली घेऊन पुन्हा मांडावी.
(६) पुढचे चाक काढावयाचे असल्यास इंजिनखाली दुसरा टेका देऊन मगच काढावे.
(७) चेनचा ताण पुस्तिकेत ज्या स्थितीत मोजण्यास सांगितला असेल त्याच स्थितीत मोजावा. चाक फिरवून चेन जेथे सर्वांत घट्ट लागते तेथे मोजावा. हलक्या गाड्यांत तो बहुधा २ ते ३ सेंटिमीटर असतो.
(८) चेन धुण्यास पेट्रोल वापरू नये. रॉकेल, डिझेल किंवा चेनसाठी मिळणारे द्रव वापरावे. कोरडी पुसून ९० नंबरचे गिअर ऑइल लावावे आणि जादा तेल टिपून घ्यावे.
(९) गाडी खाली घेतल्यावर एक्सलचा नट पक्का आवळावा, ब्रेक तपासावा व पट्टी सोडल्याची खात्री करावी.

विटांची चळत, दगड, उपडी बादली किंवा सिमेंटचा पोकळ ठोकळा यांवर गाडी टेकवू नये. एका ठिकाणी भार आला की वीट फुटते. कडुनिंबाच्या फांदीला किंवा पत्र्याच्या शेडच्या नळीला दोर बांधून गाडी टांगणे तितकेच धोक्याचे आहे. शेडची नळी पत्र्याचा भार सोसण्यापुरतीच असते. गाडी आडवी पाडून काम केल्यास पेट्रोल गळते व आगीचा संभव राहतो. बंद खोलीत इंजिन चालू ठेवू नये. त्याच्या धुरात वास नसलेला विषारी वायू असतो आणि माणूस सावध होण्यापूर्वीच त्याची शुद्ध हरपते.

साधनाची निगा

जॅक नेहमी खाली बसवून ठेवावा, म्हणजे त्याचा चकचकीत दट्ट्या धुळीपासून व गंजापासून बचावतो. वापरानंतर दट्ट्या स्वच्छ फडक्याने पुसावा. तेल कमी झाल्यास जॅकसाठी असलेले हायड्रॉलिक तेलच घालावे. ब्रेकचे तेल घातल्यास सील फुगून निकामी होतात. स्क्रूच्या जॅकला वर्षातून दोन वेळा, पावसाळ्यापूर्वी व दिवाळीनंतर, ग्रीस द्यावे. खते ठेवतात त्या खोलीत लोखंडी साधन ठेवू नये. खतांच्या ओलाव्याने ते लवकर गंजते. वेल्डिंगच्या जागी तडा दिसल्यास साधन त्याच क्षणी बाजूस काढावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

हा विषय भाषणापेक्षा प्रात्यक्षिकाने लवकर पटतो. मे महिन्याच्या अखेरीस, पेरणीची धावपळ सुरू होण्यापूर्वी, शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या कोब्यावर एक तासाचे प्रात्यक्षिक ठेवावे. तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील शिल्पनिदेशक किंवा गावातील अनुभवी मिस्त्री यांची मदत घ्यावी. प्रथम मऊ मातीत स्टँड कसा रुततो व फळी ठेवल्यावर कसा रुतत नाही ते दाखवावे. नंतर ब्रेकची मूठ बांधणे, नट आधी ढिला करणे आणि इंजिन बंद ठेवून चेन पुसणे, ही तीन कामे उपस्थितांपैकी तरुणांकडूनच करवून घ्यावीत. स्त्रियांनाही आवर्जून बोलवावे. घरी दुसरे माणूस म्हणून गाडी धरण्याचे काम पुष्कळदा त्यांच्याकडेच येते. कोणत्याही एका दुकानाची किंवा बनावटीची शिफारस करू नये. शेतकऱ्याची गाडी पाहून, तिच्या गरजेपुरतेच साधन सुचवावे. बहुसंख्य घरी ‘नवे काही घेऊ नका, आहे तो स्टँड नीट करा’ हाच सल्ला योग्य ठरेल, आणि तो देण्यास कमीपणा मानू नये.

सारांश

आधी काम ठरवावे, मग गाडी पाहावी, मग जमीन पाहावी आणि शेवटी साधन निवडावे. हलक्या गाडीस मेन स्टँड व फळी, मेन स्टँड नसलेल्या गाडीस मागचा स्टँड, भारी गाडीस कुलुपाचा जॅक, गटास सामाईक साधन आणि मिस्त्रीस टेबल लिफ्ट, हा सर्वसाधारण क्रम समजावा. साधन कोणतेही असो, भार लोखंडी कुलपावर किंवा पक्क्या टेक्यावर आहे व इंजिन बंद आहे, हे दोन वेळा पाहिल्याखेरीज चाकाला हात लावू नये. पूर्वी आखाखालचा टेका हातोडीने ठोकून पाहिल्यावाचून कोणी चाक काढीत नसे. तीच सावधगिरी आजही गाडी राखील आणि माणूसही राखील.